पाच सेंटिमीटर : सिडनी २००० मधल्या व्हॉल्टचं प्रकरण

२१ सप्टेंबर २००० रोजी सिडनीच्या सुपरडोममध्ये महिला जिम्नॅस्टिक्सच्या वैयक्तिक ऑल-अराउंडची (चारही उपकरणांच्या एकत्रित गुणांची) अंतिम फेरी होती. ३६ जणी, नऊ-नऊचे चार गट आणि व्हॉल्ट, अनइव्हन बार्स, बीम, फ्लोअर ही चार उपकरणं. दोन फेऱ्या पूर्ण झाल्या, म्हणजे १८ जणींच्या व्हॉल्टच्या उड्या होऊन त्यांना गुणही मिळाले. तिसऱ्या फेरीत यजमान संघाची अ‍ॅलाना स्लेटर व्हॉल्टकडे आली आणि तिला घोडा (ज्यावर हात टेकून उडी मारतात ते उपकरण) बुटका वाटला. तिने प्रशिक्षक पेगी लिडिक यांना सांगितलं, लिडिक यांनी अधिकाऱ्यांना. टेप लावून पाहिलं तर उंची १२० सेंटिमीटर भरली. नियमाने ती १२५ हवी होती.

ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत, जगभर थेट प्रक्षेपण चालू असताना, निम्म्या स्पर्धकांनी चुकीच्या उंचीवरून उड्या मारल्या होत्या. उपकरणांची टीम काय करते, कधी करते आणि तिचं काम कुठे निसटतं हे शिकवायला यापेक्षा चांगलं प्रकरण नाही. पदकांची चर्चा याआधी पुष्कळ झाली आहे. इथे आपण पडद्यामागच्या बाजूने बघू.

त्या दिवशी काय काय घडलं

सर्वांत मोठा फटका रशियाच्या स्वेतलाना खोर्किनाला बसला. पहिल्या फेरीत तिचं फ्लोअर झालं होतं आणि ती सुवर्णाची प्रमुख दावेदार होती. दुसऱ्या फेरीत व्हॉल्टवर ती उतरताना गुडघ्यांवर आली आणि तिला ९.३४३ गुण मिळाले. त्यानंतर अनइव्हन बार्स. हे तिचं हुकमी उपकरण, अटलांटा १९९६ मध्ये याचंच सुवर्ण तिच्याकडे होतं. पण सुवर्ण हातचं गेलं या समजुतीत ती बारवर चढली आणि तिथेही पडली. गुण ९.०१२. घोड्यात चूक आहे हे तिला कळेपर्यंत बार्स उरकले होते.

अमेरिकेच्या एलिस रेची व्हॉल्टवर पार वाट लागली. तिला ७.६१८ गुण मिळाले, आणि या दर्जाच्या स्पर्धेत असा आकडा सहसा दिसत नाही. ब्रिटनच्या अ‍ॅनिका रीडरला दुखापत होऊन स्पर्धा सोडावी लागली. बाकीच्यांपैकी काही जणींनी त्याच घोड्यावरून बऱ्या उड्या मारल्या, काही अडखळल्या.

उंची दुरुस्त करून स्पर्धा पुढे चालू झाली. आधी उडी मारलेल्यांना शेवटी पुन्हा व्हॉल्ट करण्याची मुभा मिळाली. रेने ती घेतली आणि तिचे गुण ७.६१८ वरून ९.४८७ झाले. खोर्किनाने घेतली नाही. बार्सवरच्या ९.०१२ चं काय करायचं, याला त्या मुभेत उत्तर नव्हतं. सुवर्ण रुमानियाच्या आंद्रेया रादुकानला मिळालं आणि पुढे सर्दीच्या गोळीतल्या स्यूडोएफेड्रिनमुळे काढूनही घेतलं गेलं. तो वाद स्वतंत्र आहे, त्याचा घोड्याशी संबंध नाही.

पाच सेंटिमीटरने एवढं काय बिघडतं

बीमवर चढण्याआधी जिम्नॅस्ट त्यावर हात ठेवते. बारला लटकताच उंची अंगाला कळते. व्हॉल्टचं तसं नाही. उपकरणाला पहिला स्पर्श होतो तो पूर्ण वेगात धावत येऊन, स्प्रिंगच्या बोर्डवरून उसळल्यानंतर, आणि तोवर माघार घेण्याची वेळ निघून गेलेली असते.

त्यातही युरचेंको पद्धतीच्या उडीत धोका अधिक. जिम्नॅस्ट बोर्डाआधी राउंडऑफ (हातांवरून वळून घेतलेली कोलांटी) घेते, बोर्डवर पाठमोरी येते आणि मागे झेप घेऊन हात घोड्यावर टेकवते. घोडा डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. हात कुठे टेकायचे हे तिला हजारो उड्यांच्या सरावातून, शरीराच्या आठवणीने माहीत असतं. ती आठवण १२५ ची असते. सराव हॉलमधला घोडा १२५ वर, मायदेशातला १२५ वर आणि पोडियमवरचा, म्हणजे स्पर्धेच्या उंच मंचावरचा, मात्र १२० वर.

घोडा खाली गेला की हात टेकायला क्षणभर उशीर होतो. तेवढ्यात शरीर ठरलेल्यापेक्षा जास्त फिरतं. हात टेकताना खांद्यांतून जो झटका द्यायचा, तो योग्य कोनात बसला तरच उंची मिळते. कोन चुकला की वर जाण्याऐवजी शरीर पुढे सरकतं. दुसऱ्या उड्डाणाचं, म्हणजे घोड्यावरून निघून मॅटवर उतरेपर्यंतचं, नुकसान त्या मानाने कमी. उतरताना शरीराचा वेग सेकंदाला पाच-साडेपाच मीटर धरला, तर पाच सेंटिमीटरमुळे हवेतला वेळ सुमारे एक शतांश सेकंदाने घटतो. म्हणजे खरी गफलत हात टेकण्याच्या वेळेत आहे. उतरताना जी पडझड दिसते, ती पुष्कळदा क्षणभर आधी हातांखाली ठरून गेलेली असते. म्हणूनच प्रेक्षकांना, समालोचकांना आणि पंचांनाही ती जिम्नॅस्टची चूक वाटते.

गुणांच्या भाषेत सांगायचं तर रिओ २०१६ ला दीपा कर्माकरचं व्हॉल्टचं कांस्य ०.१५० गुणांनी हुकलं. उतरताना पडलेलं एक पाऊलही त्याहून महाग पडू शकतं.

चूक शिरायची जागा

त्या काळी पुरुष आणि महिला दोघांसाठी तोच चामडी घोडा होता, सुमारे १६० सेंटिमीटर लांब आणि ३५ रुंद. पुरुषांसाठी तो धावपट्टीच्या दिशेने लांबवर ठेवायचा, उंची १३५. महिलांसाठी आडवा, उंची १२५. सिडनीत पुरुषांची ऑल-अराउंड अंतिम फेरी आदल्याच दिवशी, २० सप्टेंबरला झाली होती. म्हणजे दोन दिवसांच्या सत्रांमध्ये व्हॉल्टच्या जागी पुरुषांची मांडणी उतरवून महिलांची मांडणी करणं आलंच.

या बदलात एकाच वेळी तीन गोष्टी होतात. घोडा नव्वद अंशांत वळतो, उंची खाली येते आणि धावपट्टीवरच्या मोजपट्टीचा शून्य सरकतो. तिसरी गोष्ट हमखास विसरली जाते. घोडा आपल्या मध्याभोवती वळला तर त्याची पुढची कड (१६० वजा ३५) भागिले २, म्हणजे ६२.५ सेंटिमीटर मागे जाते. मोजपट्टी त्याच कडेपासून नव्याने लावली नाही, तर मुलींच्या धावेच्या सगळ्या खुणा चुकतात. जिम्नॅस्टने आपली धाव इंचाइंचाने पाठ केलेली असते, कुणाची २१ मीटरवरून, कुणाची २३ वरून. धावपट्टी जास्तीत जास्त २५ मीटर.

उंची बदलण्यासाठी पायांना खाचा असतात आणि त्या साधारण पाच-पाच सेंटिमीटरच्या अंतराने येतात. १३५ वरून १२५ ला दोन खाचा खाली यायचं. तीन खाचा उतरलात की १२०. सिडनीतली चूक नेमकी एका खाचेएवढी होती, आणि या क्षेत्रातल्या माणसाला हा आकडा दिसताच चुकीची जात कळते. टेप चुकीचा वाचला तर फरक एक-दोन सेंटिमीटरचा पडतो. लँडिंग मॅटवरून मोजलं तर तो वीसचा पडतो, कारण मॅट वीस सेंटिमीटर जाड असते. बरोब्बर पाचचा फरक म्हणजे खाच चुकली आणि खाच लावल्यावर कुणी मोजलं नाही, किंवा मोजल्यावर कुणीतरी पुन्हा हात लावला.

पाच सेंटिमीटर डोळ्याला का दिसत नाहीत? पोडियम जमिनीपासून सुमारे मीटरभर उंच. पंच आपल्या टेबलाशी, काही अंतरावर बसलेले. घोडा आदल्या दिवसापेक्षा खाली असणार हे सगळ्यांना माहीत आणि तो खाली दिसतोच. 'बदल झालेला आहे' एवढं नजर सांगते, 'किती' ते सांगत नाही. उभ्या-उभ्या आपल्या छातीशी, कमरेशी घोडा पडताळून पाहू शकते ती फक्त जिम्नॅस्ट. सिडनीत ते एका मुलीने केलं आणि तिच्या प्रशिक्षकांनी ते तिच्या मनाचे खेळ म्हणून झटकून टाकलं नाही. या प्रकरणातली सर्वांत मोलाची कृती हीच.

आणखी एक. प्रत्येक गटाला पोडियमवर सरावाच्या उड्या मिळतात. दोन गटांच्या सरावाच्या आणि स्पर्धेच्या मिळून कितीतरी उड्या त्या घोड्यावरून झाल्या होत्या. इतक्या पडझडीनंतरही तपासणीचा विचार पुढे आला नाही, कारण पडण्याची कारणं प्रत्येकाच्या मनात तयार होती: दडपण, थकवा, ऑलिंपिकची हवा. एकाच उपकरणावर एकाच फेरीत तीन चांगल्या जिम्नॅस्ट एकाच तऱ्हेने फसल्या, तर आधी उपकरण मोजायचं. दोन माणसं, एक टेप आणि एक मिनिट एवढाच खर्च आहे.

मोजायचं कसं

व्हॉल्टची उंची पोडियमच्या पृष्ठभागापासून उपकरणाच्या वरच्या कडेपर्यंत मोजतात, मॅटपासून नाही. महिलांसाठी १२५, पुरुषांसाठी १३५, फरक चालतो एक सेंटिमीटरपर्यंत. बाकीच्या उपकरणांचंही तसंच: बीम १२५, हॉरिझॉन्टल बार आणि रिंग्ज २८०, पॅरलल बार २००, पॉमेल हॉर्स ११५, सगळं जमिनीपासून. प्रशिक्षक बोलताना पुष्कळदा मॅटवरची उंची सांगतात. त्यांच्या हिशेबात बीम १०५ असतो. तपासणीच्या कागदावर 'जमिनीपासून' असं छापलेलंच हवं, नाहीतर दोन बरोबर आकड्यांत भांडण लागतं.

टेपने मोजताना तीन ठिकाणी घसरायला होतं. एक, टेपचं खालचं टोक धावपट्टीच्या गालिच्यावर ठेवलं जातं. गालिचा अडीच सेंटिमीटर जाड असेल तर १२५ चे १२२.५ होतात. दोन, टेप तिरका धरला जातो. पाच अंश तिरका धरला तर १२५ च्या जागी १२५.५ वाचलं जातं. तीन, टेपच्या टोकाचा धातूचा हूक वाजवीपेक्षा सैल झालेला असतो आणि मिलिमीटरभर खेळतो. तिसरी चूक किरकोळ आहे, पहिली नाही.

म्हणून मोठ्या स्पर्धेत टेपच्या जोडीला ठाम लांबीची काठी ठेवावी. अ‍ॅल्युमिनियमची नळी, खाली सपाट बूड, वर काटकोनात वळवलेला हात. १२५ ची एका रंगाची, १३५ ची दुसऱ्या. काठी उभी केली की वरचा हात उपकरणाला अलगद टेकला पाहिजे. तो अधांतरी राहिला किंवा अडला, तर चूक तिथल्या तिथे दिसते आणि आकडा वाचावाच लागत नाही. थकलेल्या माणसाला रात्री अकरा वाजता आकडा वाचायला लावण्यापेक्षा हे बरं. मोजायचं तीन जागी, दोन्ही टोकांना आणि मध्ये. टोकांत फरक आला तर स्पिरिट लेव्हल ठेवून पोडियमचा तो भाग दबलाय का ते पाहावं.

पिन किंवा खटका पूर्ण बसला का, हे हाताने चाचपावं. अर्धवट बसलेली पिन पहिल्या जोरदार धक्क्याला सुटू शकते. त्यामुळे क्रम असा: खाच लावा, खटका बंद करा, दोघांनी मिळून उपकरण जोराने हलवा आणि मग मोजा. आधी मोजून नंतर हलवणं व्यर्थ.

मोजणारा माणूस आणि खाच लावणारा माणूस वेगळे हवेत. लावणाऱ्याने आकडा सांगायचा नाही. मोजणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं, 'व्हॉल्ट, महिला, एकशे पंचवीस', आणि तिसऱ्याने वेळेसकट लिहायचं. लावणाऱ्याने 'एकशे पंचवीस केलंय' असं आधीच म्हटलं, तर मोजणाऱ्याचा डोळा तोच आकडा शोधतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोजमाप फक्त पुढचा हात लागेपर्यंत खरं असतं. शेवटच्या मोजणीनंतर खटक्यावर पातळ कागदी चिकटपट्टी लावून त्यावर सही आणि वेळ घालावी. सफाईवाले, कॅमेऱ्याची केबल टाकणारे, घोषणेचा माईक लावणारे असे अनेक जण त्या पोडियमवरून जातात. पट्टी फाटलेली दिसली की कारण न विचारता पुन्हा मोजायचं. सकाळी आठला केलेल्या मोजणीचा कागद संध्याकाळच्या सत्राला चालवणं ही या कामातली सर्वांत सामान्य आणि सर्वांत घातक सवय आहे.

उंचीत जाणूनबुजून बदल करण्याची तरतूदही नियमात आहे, आणि तीही पाच सेंटिमीटरचीच. उंच जिम्नॅस्टचे पाय मॅटला लागत असतील, तर बार किंवा रिंग्ज पाचने वर घेता येतात. त्यासाठी आधी विनंती करावी लागते. तिचं झाल्यावर ते परत खाली आणायचं काम टीमचं, आणि ते पुढच्या स्पर्धकाचं नाव पुकारण्याआधी व्हायला हवं. वर घेण्याची नोंद सगळे करतात. खाली आणल्याची नोंद करायची राहून जाते, तिच्यासाठी कागदावर वेगळा रकाना ठेवावा.

उंची हा व्हॉल्टचा एकच भाग झाला. राउंडऑफने येणाऱ्या जिम्नॅस्टसाठी बोर्डाभोवती नालाच्या आकाराचं सुरक्षा कॉलर लागतं. ते न लावता महिलांची अशी उडी झाली तर गुण शून्य. बोर्डातल्या स्प्रिंगांची संख्या आणि कडकपणा जिम्नॅस्टच्या वजनानुसार निवडला जातो. बोर्ड जागेवर ठेवतो प्रशिक्षक, पण आधीच्या मुलीचा बोर्ड तसाच राहिला का, हे स्वयंसेवकाने बघायचं असतं. हे काम उंचीपेक्षा सोपं, कारण प्रत्येक उडीआधी कुणीतरी तिथे वाकून बघतंच. उंचीकडे सत्र सुरू झाल्यावर कुणीच वाकून बघत नाही.

दिलेला उपाय आणि न दिलेला

सिडनीत अधिकाऱ्यांपुढे तीन वाटा होत्या. पहिली, व्हॉल्टचे सगळे गुण रद्द करून सर्वांच्या उड्या पुन्हा. दुसरी, ज्यांना हवी त्यांना शेवटी पुन्हा संधी. तिसरी, काहीच न करणं. निवड दुसरीची झाली. वेळ, प्रक्षेपण आणि थकलेल्या मुली पाहता ती समजण्यासारखी आहे. पण ती पुरेशी नव्हती, आणि का नव्हती ते नीट मांडायला हवं.

चार उपकरणांचे गुण कागदावर वेगवेगळे लिहिले जातात, जिम्नॅस्टच्या मनात ते सलग असतात. व्हॉल्टवर पडलेली मुलगी पुढच्या उपकरणावर जास्त धोका पत्करते किंवा खचते. ऐच्छिक संधी व्हॉल्टचा आकडा बदलते, त्यानंतरच्या फेरीला हात लावत नाही. शिवाय ज्यांच्या उड्या चुकीच्या उंचीवरूनही ठीक झाल्या, त्यांच्यापुढे वेगळाच पेच होता: चारही उपकरणं संपून स्नायू थंड पडू लागलेले असताना पुन्हा धावायचं का? रेसारखं ज्यांचं गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यांनाच ही मुभा खऱ्या अर्थाने उपयोगी पडली.

आमच्या मते योग्य क्रम वेगळा असता. शंका येताच चारही उपकरणांवरची स्पर्धा तिथल्या तिथे थांबवणं, फक्त व्हॉल्टवरची नाही. मग माप घेऊन चूक किती आणि कुणाकुणाला लागू, हे सर्व संघांना एकाच वेळी सांगणं. त्यानंतर बाधित १८ जणींना व्हॉल्टसह पुढच्या फेरीचाही फेरविचार मागण्याचा हक्क देणं. यात तास-दीड तास गेला असता. ऑलिंपिकच्या वेळापत्रकात एवढा वेळ काढणं महाग असतं, पण अशक्य नसतं.

घोडा गेला, प्रश्न राहिला

२००१ पासून घोड्याच्या जागी व्हॉल्टिंग टेबल आलं, १२० सेंटिमीटर लांब आणि ९५ रुंद. त्यामागचं मुख्य कारण सुरक्षितता होतं. पाठमोऱ्या उडीत अरुंद घोड्यावर हात चुकण्याचा धोका मोठा होता. टेबल दोघांसाठी एकाच दिशेने राहतं, त्यामुळे वळवण्याची भानगड संपली आणि कडेचा ६२.५ सेंटिमीटरचा फरकही गेला. उंचीचा फरक मात्र आहे तसाच आहे, १२५ आणि १३५, आणि खांबही एकच. म्हणजे सिडनीतली चूक आजही तितकीच शक्य आहे.

आपल्याकडे तर ती जास्त शक्य आहे. जिल्हा किंवा राज्य स्पर्धेत एकाच टेबलावर सकाळी लहान मुली, मग मोठ्या मुली, दुपारी मुलगे अशी सत्रं लागतात आणि वयोगटानुसार उंची बदलते. ऑलिंपिकमध्ये दिवसातून एकदा होणारा बदल इथे चार-पाच वेळा होतो आणि तो करणारे बहुतेक वेळा दोन विद्यार्थी-स्वयंसेवक आणि एक दमलेला मास्तर असतात. काठ्या बनवायला फार खर्च येत नाही. प्रत्येक वयोगटाची एक काठी, तिच्यावर गटाचं नाव रंगवलेलं, आणि ती टेबलाजवळच्या स्टँडवर अडकवलेली. पुढचा गट आत येण्याआधी मुख्य पंचाने ती काठी लावलेली स्वतः पाहायची आणि मगच पहिलं नाव पुकारायला सांगायचं. कुठल्याही जिम्नॅस्टने 'हे खाली वाटतंय' किंवा 'वर वाटतंय' म्हटलं, तर तिच्या वयाकडे न बघता काठी पुन्हा लावायची. तिच्या सरावाच्या उड्यांचा वेळ त्यात गेला तर तो तिला परत द्यायचा, हेही स्पर्धेच्या आधीच्या बैठकीत लिहून ठेवलेलं असावं.